राजकन्या वळली ती वाट

"अवो बादलीवाले, पाणी मारा की! राजकन्या वाळून चालली!"

सारजा न्हावीण अशी ओरडली आणि तंबूच्या आमच्या अंगाला एकच हशा पिकला. पडदा खरंच वाळत आला होता. राजकन्या पार पिठासारखी पांढरी पडली होती, आणि तीही नेमकी बाप तिला म्हाताऱ्या सरदारापुढं उभी करत होता तेव्हा. बादलीवाला आला, दोन बादल्या सपासप मारल्या, राजकन्या पुन्हा ठळक झाली आणि रडायला लागली. तिच्याबरोबर आम्हीही पदर डोळ्यांना लावला.

ही गोष्ट मुक्या सिनेमाच्या वेळची. आता माझे गुडघे बोलतात, तेव्हा कुणी बोलत नव्हतं. आमच्या गावच्या यात्रेत सहा दिवस तंबू यायचा. मधोमध पडदा, पुढच्या अंगाला पुरुष, मागच्या अंगाला बायका. उजेड पडद्यातून आरपार आमच्याकडं यायचा, पण कापड ओलं असेल तरच. पुढं एक माणूस उभा राहून पडद्यावरच्या पाट्या खड्या आवाजात वाचायचा, "प्राणनाथा, देह देईन पण हा हात दुसऱ्याला देणार नाही!" पाटी आली की आम्ही पानसुपारी काढायचो. आमच्या अंगाला एकीलाही अक्षर येत नव्हतं. काळ्या मुंग्या आल्या आणि गेल्या, एवढंच.

माझ्या शेजारी सगुणा बसली होती, माझी नणंद. सातव्या वर्षी लग्न, नवव्या वर्षी पांढरं कपाळ. नवऱ्याचं तोंडसुद्धा तिला आठवत नव्हतं. अठराव्या वर्षी ती आमच्या घरी, म्हणजे तिच्या भावाच्या घरी, दळण-कांडण करून होती. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. चारचौघांत मी तिला वन्सं म्हणायची, दोघीच असलो की सगुणा.

"वहिनी," ती माझ्या कानात म्हणाली, "पडद्याच्या त्या अंगाला ते बसल्यात."

"तुम्हाला कसं दिसतंय?"

"दिसत न्हाई. पर मी रडते तवा तेबी रडत असतील का नसतील?"

'ते' म्हणजे मुकुंदा शिंपी. आमच्या आळीच्या तोंडाशी ओसरीवर मशीन टाकून बसायचा. गोरटेला, मान खाली घालून बोलणारा. त्या यात्रेच्या दोन वर्षं आधी मी सगुणाची जुनी चोळी मापाला म्हणून त्याच्याकडं टाकली होती. नवी चोळी शिवून आली, जुनी आली नाही. मी मागायला गेले तर म्हणाला, "वहिनी, माप माझ्यापाशीच राहू द्या." तेव्हा मला काय ते कळलं. मी आत्याबाईंना म्हणजे सासूला सांगितलं, जुनी चोळी उंदरानं खाल्ली.

आता पुढचं ऐका. जात वेगळी, त्यात भाऊ तापट. कुणीतरी आमच्या मालकांच्या कानाला लागलं की तुझी बहीण पाणवठ्यावर शिंप्याशी बोलत होती. झालं! मालकांनी तिला उंबऱ्याच्या आत बसवली आणि पंधरा दिवसांत वरल्या वाडीच्या राणोजीशी तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, ठरवून टाकला. राणोजी पंचेचाळिशीचा, पदरात चार पोरं, बायको मरून सहा महिने झालेले. यात्रा उठली की सोमवारी पाट. सगुणाला विचारलंच कुणी नाही. मी नवऱ्याला म्हणाले, "अवो, पोरीचं मन तरी..." तर त्यांनी ताट असं सरकवलं की कालवण भिंतीला लागलं. मी भिंत पुसली. दुसरं काय करणार?

खेळाला तेवढी मोकळीक होती, कारण बायकांत बायका. आणि सगुणानं सहाही दिवस तोच खेळ बघायचा हट्ट धरला. गोष्ट तशी साधी. राजकन्येचं मन घोडे शिकवणाऱ्या एका गरीब पोरावर. बाप तिला म्हाताऱ्या सरदाराला देतो. ती छातीवर हात दाबते, आभाळाकडं बघते, केस मोकळे सोडून भुईवर पडते. आम्ही इकडं हुंदके. सगुणा जात्यावर बसली की तेच करायची. कपाळाला उलटा हात लावून म्हणायची, "हाय रे दैवा!" मी म्हणायची, "दैवा ठेवा बाजूला, घास टाका जात्यात." ती हसायची आणि हसता हसता रडायची.

लोक म्हणतात, मुक्या सिनेमात काय मजा? आम्ही सगळा जन्म सासू-सासऱ्यांपुढं तोंड मिटून काढलेला, त्यामुळं पडद्यावरची ती बाई नुसते ओठ हलवायची तेव्हा आम्हाला ती सगळ्यात जास्त कळायची. पाटीवाला काही का वाचेना, प्रत्येक बाई तिच्या तोंडात आपलंच बोलणं घालायची. सगुणानंही घातलं होतं.

तसं आम्ही नावंही फार ठेवायचो. राजकन्या आरती करायची ती डाव्या हातानं! पहिल्या दिवशी बायकांत कुजबुज झाली. सारजा म्हणाली, "राजघराण्यात तसंच असतंय, आपल्या चुलीपुढच्यांना काय ठावं?" पदरही दुसऱ्याच खांद्यावर. "गुजराथीण असंल." घोडेवाला तलवार डाव्या हातानं चालवायचा. "डावरा हाय, म्हणून तर जिंकतोय." सारजाकडं सगळ्याला उत्तर होतं.

आणि शेवटाला यायचा तो तिठा. राजकन्या वाड्यातून पळते, मारुतीच्या देवळीपाशी येते, देवळीच्या दोन्ही अंगांनी दोन वाटा फुटलेल्या. हुबेहूब आमच्या गावासारखा! आमच्याही गावाबाहेर मारुतीची देवळी, तिच्या एका अंगानं नदीची वाट, नावेच्या उतारापर्यंत, आणि दुसऱ्या अंगानं बारवेची, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीची, पुढं सडकेला मिळणारी. पहिल्याच दिवशी तंबूच्या दोन्ही अंगांना "आपला मारुती! आपला मारुती!" असा गलका उठला. राजकन्या थोडी थांबते, एका वाटेला वळते, वादळात धडपडते, पडते, आणि आता मेली बया असं वाटतं तोवर घोड्याच्या टापा. तो येतोच. रोज आला.

घरी आल्यावर मी मालकांना वाढता वाढता म्हणाले, "आपल्या बारवेच्याच वाटेला कशी वळली बघा ती!"

"बारवेच्या कुठली? नदीच्या वाटेला गेली."

"अवो, बारवेच्या."

"तुझे डोळे काय चुलीत होते? नदीकडं वळली ती."

सगुणा आतून म्हणाली, "दादा, बारवेकडंच की."

"बायकांची अक्कल," मालक म्हणाले आणि ढेकर दिली. पुरुषाला बरोबर असायची सवय असते, म्हटलं असू दे.

पाचव्या दिवशी आत्याबाईंनी मला बरोबर घेतलं आणि थेट मुकुंदाच्या ओसरीवर. हातात हिरवा खण. पाटाची चोळी शिवायची होती! गावात शिंपी एकच, आणि आत्याबाईंना मालकांनी काही सांगितलेलं नव्हतं. म्हातारी हळवी होती, म्हणून.

"माप आणलं न्हाई रं," आत्याबाई म्हणाल्या.

"माप हाय माझ्यापाशी, मावशी," मुकुंदा म्हणाला. खण हातात घेतला, त्यावरून बोटं फिरवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "खेळ बघितलासा का?"

"मला कसलं दिसतंय? ही बघती, सून."

"मग वहिनींना ठावं असंल. तिठ्यावर राजकन्या ज्या वाटेला वळली ना, माझं तर मनच त्या वाटेला बसलंय. उद्या कुस्त्यांचा फड. गावात चिटपाखरू राहणार न्हाई. मी म्हणतो, हलगी वाजायला लागली की आपण त्या वाटेला जाऊन बसावं, पार शेवटापर्यंत. आलं कुणी तर आलं."

"तुला काय खुळ लागलं का काय? कोण येणार तिथं?" आत्याबाई हसायला लागल्या.

"राजकन्या," मुकुंदा म्हणाला, आणि मशीनचं चाक फिरवलं. दोरा तुटला.

मी घरी गेले ती तडक जात्यापाशी. सगुणाला शब्द न शब्द सांगितला. तिनं जात्याचा खुंटा सोडला नाही.

"राजकन्या वळली ती वाट, असं म्हणाले?"

"असंच."

"म्हंजे बारवेची."

"बारवेचीच," मी म्हणाले. "पुढं सडक आहे, मोटार जाते. त्यानं सगळं बघून ठेवलं असणार."

तिनं माझे दोन्ही हात धरले. पीठ लागलेले हात. "वहिनी, तुमचं काय हुईल?"

"माझं काय व्हायचंय? दोन दिवस मार, मग लागतील कामाला. मी नसले तर भाकरी कोण थापणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी हलगी कडाडली आणि गाव माळावर लोटला. मालक पटका बांधून गेले. आत्याबाई ओसरीवर पेंगत होत्या. सगुणानं एक लुगडं, जुनं चांदीचं वाळं आणि चार भाकरी बांधून घेतल्या. परसदाराशी ती वळली, कपाळाला उलटा हात लावला आणि हळूच म्हणाली, "हाय रे दैवा!" मला हसू आलं. मी म्हणाले, "जावा आता, नाटकं पुरेत."

मी अंथरुणात उशी घालून वर वाकळ पांघरली. आत्याबाईंना सांगितलं, वन्संचं पोट दुखतंय. मग बसले. धान्य निवडायला घेतलं होतं. खडे सुपात ठेवत होते आणि गहू बाहेर टाकत होते, हे बऱ्याच वेळानं लक्षात आलं. माळावर आरडाओरडा उठायचा, कुणीतरी चीत झालेला असायचा, हलगी पुन्हा घुमायची. मी मनात म्हणायची, आता भेटली असतील. आता सडकेला लागली असतील. आता मोटार आली असेल. मारुतीला नारळ कबूल केला. एक नाही, पाच.

उन्हं कलली. हलगी थांबली. आणि परसदार वाजलं.

सगुणा आत आली. बोचकं तसंच काखेत. पाय धुळीनं भरलेले, ओठ वाळून फुटलेले. मी उठले तर तिनं हातानंच थांबवलं.

"आले न्हाईत."

"असं कसं? नीट बघितलंस का? बारवेच्या आत, पायऱ्यांवर?"

"बारवेत बघितलं. सडकेपत्तुर गेले. दोनदा गेले. कावळा बी नव्हता, वहिनी."

मी तिला पाणी दिलं, पाय पुसले, उशी काढून तिला तिथं निजवली. मालक आले, आमच्या गावच्या पैलवानानं ढाल मारली होती, खूश होते. "हिला काय झालं?" "पोट दुखतंय." संपलं.

मी रात्रभर मुकुंदाला शिव्या घातल्या. सकाळी उठून त्याच्या ओसरीवर गेले, म्हटलं, काय व्हायचं ते होवो, विचारतेच. मशीन नव्हतं. त्याचा थोरला भाऊ दारात उभा. म्हणाला, "मुकुंदा काल सांजच्याला सोलापूरला गेला, गिरणीत. हे तुमच्या घरी द्यायला सांगून गेला."

पुडक्यात हिरव्या खणाची चोळी होती, शिवून तयार. खाली घडी घातलेली सगुणाची जुनी चोळी.

मी ती लपवायला हवी होती. अजून वाटतं, लपवायला हवी होती. पण सगुणा दारातच उभी होती. तिनं जुनी चोळी हातात घेतली, उलटी-सुलटी केली.

"माप परत धाडलं," ती म्हणाली. रडली नाही. कपाळाला हात लावला नाही, छातीवर नाही. "म्हंजे नकोच हुतं त्यांस्नी."

सोमवारी हिरवी चोळी घालून ती राणोजीच्या शेजारी बसली. चोळी अशी बसली होती की बायका म्हणाल्या, अंगावरच शिवली जणू.

पुढची वर्षं कशी गेली ते विचारू नका. राणोजी वाईट नव्हता, पण त्याला रांधणारी हवी होती, आणि ती मिळाली. त्याची चार, तिची दोन, अशी सहा पोरं तिनं वाढवली. जिभेला मात्र धार आली. तिसऱ्या वर्षी मुकुंदाचा भाऊ एकदा मला म्हणाला की तो सोलापुरात तापानं गेला. लग्न केलं नव्हतं. मी सगुणाला सांगितलं नाही. म्हटलं, कशाला?

मग आमच्या गावात मास्तरांच्या बायकोनं प्रौढांचा वर्ग काढला. मी पस्तिशीच्या पुढं. पाटी-पेन्सिल घेऊन जाताना लाज वाटायची, पण गेले. मालक म्हणाले, आता काय कलेक्टर होणार? मी म्हणाले, निदान बाजारची पाटी वाचीन. वर्षभरात वाचायला लागले.

त्या सालच्या यात्रेला सगुणा माहेरी आली. तंबू आलाच होता. आता सिनेमा बोलका झाला होता, पण बायका अजून मागंच, आणि बादलीवालाही होता. आम्ही दोघी शेजारी बसलो. दिवे गेले, पडद्यावर अक्षरं आली. मी मोठ्या ऐटीत म्हणाले, "थांबा वन्सं, वाचून दाखवते."

आणि मला एक अक्षर लागेना. वाटलं, शिकलेलं सगळं विसरले. बघते तर 'ग'चा काना अलीकडं. 'म' पाठमोरा. ओळ उजवीकडून निघालेली. अख्खी पाटी तोंड फिरवून बसली होती.

मी उठले. तंबूच्या कडेकडेनं, दोऱ्या ओलांडत पुढच्या अंगाला गेले. पुरुष ओरडले, "ए बाई, हिकडं कुठं?" मी बघत राहिले. अक्षरं सरळ होती. एक बाई आरती करत होती, उजव्या हातानं.

नदीकडं वळली ती, मालक म्हणाले होते. माझे डोळे काय चुलीत होते, असं विचारलं होतं त्यांनी.

मी तशीच परत येऊन बसले. सगुणा म्हणाली, "कुठं गेला हुता?"

"पाणी प्यायला."

सकाळ होताच मी नदीच्या वाटेनं गेले. भिवा कोळी म्हातारा झाला होता, तरी नाव त्याचीच. मी विचारलं, "भिवातात्या, सतरा वर्षांमागं यात्रेत कुस्त्यांच्या दिवशी मुकुंदा शिंपी इथं आला होता का?"

"शिंपी? आठवतंय की. डोक्यावर मशीन घेऊन आल्ता. हलगी लागली तवापासून बसून हुता त्या दगडावर. दोघांची जागा धर म्हणला. म्या म्हणलं, दुसरं माणूस? तर म्हणं, येतंय. चार खेपा मारल्या म्या, दर खेपंला म्हणं, थांब तात्या, येतंय. हलगी थांबल्यावर उठला, घरी जाऊन आला आन् शेवटच्या खेपंला एकटाच नावंत बसला. वाटंत नदीकडं बघून लई रडला. मला वाटलं, घरी भांडण झालं असंल."

भिवानं तो दगड दाखवला. मी तिथं बसले नाही. बसवलंच नाही.

दोनशे पावलं. देवळीच्या पलीकडं सगुणा आणि अलीकडं तो. दोघंही एकाच हलगीकडं कान लावून बसलेले. त्याला वाटलं, राजकन्या आली नाही. तिला वाटलं, घोडेवाला आला नाही. निरोप मी नेला होता. एकदा, नुसतं एकदा म्हणाले असते की मालक नदीची वाट म्हणतात, तर सगुणानं दोन्ही वाटा बघितल्या असत्या. पण मला वाटलं होतं, पुरुषाला बरोबर असायची सवय असते.

दुपारी सगुणाची गाडी निघाली. मी तिला पोचवायला तिठ्यापर्यंत गेले. वरल्या वाडीचा रस्ता बारवेवरूनच जातो. देवळीपाशी तिनं गाडी थांबवायला सांगितली, उतरली, मारुतीला हात जोडले. मग बारवेच्या वाटेकडं बघून हसली.

"हितंच बसले हुते, ठावं हाय ना वहिनी? येडी कुठली."

मी गाडीतलं तिचं गाठोडं नीट सारलं.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "लई वर्सं गेली, पर त्याच्यावरचा राग काय गेला न्हाई. आन् बरं झालं न्हाई गेला ते. सवतीच्या पोरांनी तरास दिला, ह्यांनी हात उगारला, तवा मी मनात म्हणायची, त्यानं टाकली, आता हितं तरी पाय रोवून दाखवीन. त्या रागावर मी संसार केला. ते आले असते आन् मीच वाट चुकले असते, असं काय असतं ना, तर मी ह्याच बारवेत उडी घेतली असती." पदरानं तोंड पुसलं. "मेला कुठं चार पोरांचा बाप होऊन बसला असंल. मला काय!"

माझे ओठ हलले. मला वाटतं, मी सगळं सांगितलं. पडदा, डावा हात, भिवा, दगड, दोघांची जागा. पण आवाज फुटला नाही, आणि तिथं पाटी वाचायला कुणी नव्हतं.

"काय म्हणालात, वहिनी?" सगुणा गाडीत चढता चढता म्हणाली.

"काही नाही," मी म्हणाले. "सांभाळून जा. ऊन आहे."

गाडी बारवेच्या वाटेला लागली.